पाइपातलं गाव

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साचतात. गाळाचंही तसंच. आमच्या विभागात तर दोन्हींची कधी टंचाई नव्हती!

लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा आमचा तिघांचा विभाग. वाघमारे सर, मूळचे देगलूरचे लॅब अटेंडंट गफूरमामा आणि मी, जोशी मॅडम. सरांची पीएच.डी. चालू होती. तलावाच्या तळात पाइप ठोकून गाळ उभाच्या उभा काढायचा, त्यात अडकलेले परागकण मायक्रोस्कोपखाली मोजायचे आणि कोणत्या काळी तिथं काय उगवत होतं ते शोधायचं. मोठमोठे तलाव सोडून सरांनी औशाच्या पलीकडचा, स्वतःच्या जुन्या गावचा बारकासा तलाव धरला होता. ते गाव भूकंपात पडलं. सरांचे वडील, त्यांचे दादा, त्यात गेले. उरलेली माणसं दूर नव्या वस्तीत गेली, तलाव तेवढा तिथंच राहिला.

*

पाइप आणला तो एसटीने. आडवाच ठेवायचा म्हणून तिघांच्या मांडीवर. कंडक्टर आला.

"काय हाय ह्याच्यात?"

"गाळ," सर म्हणाले.

"गाळ? लातुरात कमी पडला का?"

सरांना राहवलं नाही. "अहो, पाचशे वर्षांपूर्वीचा आहे तळाचा गाळ!"

कंडक्टरने पाइपाकडे एकदा आदराने पाहिलं. "मग ज्येष्ठ नागरिक धरतो. अर्धं तिकीट काढा!"

*

तो क्लासेसचा सुगीचा काळ होता. बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकात, आणि धर्माबादपासूनची पोरं लातुरात खोल्या करून राहिलेली. एकदा एक पालक मुलाला घेऊन लॅबमध्ये आले. सरांनी अर्धा तास जीव तोडून त्यांना गाळाचे थर दाखवले. पालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ह्या चिखलावर किती मार्काचा प्रश्न येतो, सर?"

सर म्हणाले, "शून्य."

"मंग चल रे," म्हणून ते पोराला घेऊन गेलेसुद्धा!

*

आता माझा पराक्रम सांगते, नाहीतर गफूरमामा सांगतील. तलावावर पावसाची घाई होती. पाइपाच्या टोकांना 'वर' आणि 'खाली' अशा चिठ्ठ्या मी लावल्या.

तीन महिने आम्ही मोजत होतो. निकाल असा आला, की आधी इथं शेती होती आणि मग हळूहळू घनदाट झाडी झाली! सर हरखले. जगावेगळं काही सापडलं म्हणून त्यांनी प्रकरण लिहून गाइडकडे पाठवलंसुद्धा. मग गफूरमामांनी अगदी तळाचा तुकडा कापला आणि चिमट्यात काहीतरी धरून उभे राहिले.

"सर, पाचशे सालाआधी शांपूची पुडी मिळत व्हती का?"

चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या. प्रकरण परत आलं. गाइडने बजावलं, आता मोजणीच्या रजिस्टरात एक जरी अंदाज सापडला तर प्रबंध घेणार नाही. मला रडू आलं. सर एवढंच म्हणाले, "मॅडम, पुन्हा मोजू." पण त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. परागकणावरून फुलाचं कुळ कळतं, नेमकं फूल कळेलच असं नाही. म्हणून फक्त कुळ लिहायचं. मी एकदा 'सूर्यफूल?' असं लिहिलं, तर सरांनी ते प्रश्नचिन्हासकट खोडलं. "तुम्ही पाहिलं होतं का तिथं?" वर हेही विचारलं!

*

पाइप सुलट झाल्यावर वरच्या टोकाजवळ, काळ्या गाळात, बोटभर फिकट पट्टा दिसला. मी म्हटलं, राख असावी. गफूरमामांनी चिमूटभर माती बोटावर चोळली.

"राख न्हाई मॅडम. ही पांढरी हाय. घराच्या भिंतीची माती."

भूकंपात पडलेल्या घरांची माती पुढच्या पावसात वाहून तलावात उतरली होती. त्या दिवशी चहा मीच केला आणि कुणीच त्याला नावं ठेवली नाहीत.

*

एका क्लासचे मालक पेढे घेऊन आले. "सर, गाळ सोडा. बायलॉजी शिकवा, पोरं डॉक्टर होतील."

"माझं गाव मोजून व्हायचंय अजून," सर म्हणाले.

मालक हिरमुसले. तेवढ्यात गफूरमामा पुढं झाले. "सर न्हाई तर मी येऊ का? वीस वरसं बायलॉजीतच हाय!"

पेढे मात्र राहिले.

*

शेवटी रजिस्टर गाइडकडे जायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दुपारी सरांची आई दवाखान्यासाठी लातूरला आली होती, ती लॅबमध्ये टेकली. भूकंपानंतर ती जुन्या गावाचं नाव काढत नसे, असं सर सांगायचे. मी पांढरीच्या लगेच खालच्या थराची शेवटची स्लाइड मोजत होते. गफूरमामांनी स्टूल सरकवलं. "बघा की माय, लेक काय करून राहिला ते."

तिने चष्मा काढला, डोळा लावला.

"ह्यो काटेरी पिवळा गोळा कशाचा रं, गौतमा?"

"घर पडायच्या आधीच्या गाळातला आहे, माय. सूर्यफुलाच्या कुळातलं काहीतरी. नेमकं सांगता येत नाही."

"न सांगता यायला काय झालं?" तिने डोळा काढला नाही. "झेंडू हाय. आपल्या परसातला. न्हाणीच्या पाण्यावर मीच लावला व्हता. तुझे दादा दसऱ्याला तोडायचे."

मी सवयीने रजिस्टरात कुळाचं नाव लिहायला घेतलं. सरांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. आईकडे एकदा पाहिलं आणि त्याच रकान्यात, शाईने, ठसठशीत लिहिलं: झेंडू.