पाण्यावर ओ देऊ नये

मढ गावाच्या पुढे धरणाचं पाणी डोंगराच्या पोटात शिरतं, तिथे तात्या मासे धरतो. त्याचं नाव भागू, पण साऱ्या गावाला तो तात्याच. जमिनीवर बोलायला बसला की समोरच्याचा चहा गार होतो. पाण्यावर गेला की मात्र तोंडाला कुलूप.

आधी तो ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकायचा. मग काठावरचं पर्यटकांच्या तंबूंचं ठिकाण बंद पडलं आणि त्यांच्या दोन प्लास्टिकच्या कयाक, एकेका माणसाच्या अरुंद होड्या, त्याच्या मुलाने, संपतने, घरी आणल्या. एक पिवळी, एक नारिंगी. "ही काय नाव हाये? केळ्याची साल हाये," म्हणत तात्या पिवळीत बसला, तो आजतागायत तीच वल्हवतोय. नारिंगी सुनेकडे गेली. संपत चाकणला कंपनीत, सासू अंबाबाई वारलेली, घरात बसून करायचं काय, म्हणून नूतन सासऱ्याबरोबर पाण्यात उतरली आणि चांगली तयार झाली.

पहिल्याच दिवशी तात्याने तिला पाण्याची रीत सांगितली होती.

"पान्यावर कुनाला हाक मारायची न्हाई. काम असलं तर वल्ह्यानं कयाकीवर ठोकायचं. दुसऱ्यानं तसंच ठोकून जबाब द्यायचा. आन् हाक आली, तर ओ द्यायची न्हाई."

"का वं मामा?"

"जित्या मान्साच्या हातात वल्हं आस्तं. ज्याच्या हातात काय न्हाई, त्योच हाक मारतो."

"मग मोबाईलवर फोन केला तर चालंल?"

"रेंज घावली तर खुशाल कर," तात्या म्हणाला आणि वल्हं खांद्यावर टाकून काठाकडे चालू लागला.

पाण्याखाली जुनी वाडी होती. धरण भरलं तेव्हा माणसं वर आली, वाडी तिथेच राहिली. मासे धरणारे अजून पाण्याला वाडीच्याच खुणांनी ओळखतात. जाळं कुठे टाकलं विचारलं, तर 'चिंचेपाशी' म्हणतात, नाहीतर 'साळुबाईच्या खळ्यावर'. साळुबाई ही तात्याची आई. नूतनने ती वाडी कधी पाहिली नव्हती, पण आपण कुणाच्या अंगणावरून चाललोय, हे तिला पाठ झालं होतं.

यंदा पौषात थंडी एकाएकी मोडली. आभाळ भरून आलं, हवा मऊ झाली, पहाटेसुद्धा स्वेटर नकोसा वाटू लागला. थंडीत तळाशी सुस्त पडलेला मासा अशा दिवसांत वर सरकतो. आदल्या संध्याकाळी दोघांनी जाळी टाकली आणि उजाडताना ती उचलायला निघाली. पाणी गार, हवा उबदार. बघता बघता धुकं असं बसलं की तात्याला स्वतःच्या कयाकीचं टोक दिसेना.

तो खळ्यावर जाळं ओढत होता, नूतन चिंचेपाशी. चिलापी बरी लागली होती. मधूनच त्याने ठोकलं, ठक ठक. चिंचेच्या बाजूने उत्तर आलं, ठक ठक. थोड्या वेळाने पुन्हा ठोकलं. या वेळी उत्तर नाही. जोरात ठोकलं. काहीच नाही. पाणीही हलत नव्हतं.

मग हाक आली.

"मामाऽऽ!"

तात्याचा हात जाळ्यातच थांबला. वल्हं मांडीवर घेऊन तो दगडासारखा बसला. त्याच्याबरोबर मासे धरणाऱ्या सावळेरामने एकदा अशाच हाकेला ओ दिली होती, वाऱ्याचा लवलेश नसताना. काठाला नुसती त्याची ट्यूब लागली.

"भागूऽ..."

ही हाक दुसरीकडून होती. हळू, मायेची. दिवेलागणीला पोराला जेवायला बोलवावं तशी. धाकटे त्याला तात्या म्हणत, सून मामा म्हणे. नुसतं 'भागू' म्हणणारं एकही माणूस आता जितं नव्हतं.

"मामाऽऽ! अवो मामा!"

आता आवाज फाटला होता. त्यात पाण्याचा घोट होता. हीसुद्धा खालचीच चलाखी असेल, तात्याच्या मनात आलं. खालच्यांना सगळं ठाऊक असतं, मग सून काय म्हणते तेही असणारच. तो बसून राहिला. मग त्याला स्वतःचेच शब्द आठवले. जित्या माणसाच्या हातात वल्हं असतं, हे त्याने पोरीला शिकवलं होतं. वल्हं हातातून सुटलं तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं.

"ओऽऽ!"

इतक्या वर्षांत पाण्यावर पहिल्यांदाच त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. तो परक्याचा वाटला.

"ओ, नूतन! कुठं हायेस?"

"चिंचेपाशी! जाळं अडकलंय पायात!"

त्याने जाळं सोडलं आणि वल्हं मारायला घेतलं. मागून पुन्हा 'भागू' आलं, आता बरंच जवळून. दिलेली ओ कुणासाठी होती, हे धुक्याला कुठे कळतं?

नारिंगी कयाक पालथी झाली होती. तंबूवाल्यांचं जुनं तरंगतं जाकीट अंगात होतं, म्हणून नूतनची हनुवटी तेवढी पाण्यावर होती. चिंचेच्या बुडालेल्या फांदीत जाळं गुंतलं होतं आणि जाळ्यात तिचा पाय. तात्याने हात खाली घालून चाकूने नवंकोरं जाळं कापलं आणि तिला ओढून पिवळीच्या पुढच्या टोकावर पालथं घातलं.

"लई हाका मारल्या मी," ती कुडकुडत म्हणाली. "ऐकू येत व्हतं ना तुमास्नी?"

"येत व्हतं."

तिने तोंड फिरवून घेतलं. तेवढ्यात तिने मान वर केली.

"मामा, त्या बाई कोन? मघापासनं तुमास्नी नावानं बोलवत्यात."

तात्याने वल्हं जोरात खुपसलं. "तू बोलत ऱ्हा. थांबू नको."

"काय बोलू?"

"काय बी. संपतचं सांग."

मग ती दात वाजवत सांगू लागली. कंपनीच्या कँटीनमधली आमटी, तिच्यात डाळ शोधायला चष्मा लागतो म्हणे. खोलीवरचा सोबती रात्रभर घोरतो, त्याच्या उशाखाली संपतने कांदा ठेवला. प्रत्येक वाक्याला तात्या ओ देत होता. मोठ्याने, मागचं काही ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने.

कयाकीचं बूड काठाच्या खड्यांवर घासलं. नूतन उतरली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली. बराच वेळ झाला, तिची कुडकुड थांबली, धुक्यातून उजेड पाझरू लागला.

ती कधीची गप्प झाली होती. पिवळ्या कयाकीत पाण्याकडे पाठ करून बसलेला तात्या मात्र अजूनही ओ देत होता.