पाणी कोणी दिलं?

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कोर्टात आमचं टेबल टिनाच्या शेडखाली आहे. बारा वर्षं झाली, मी तिथंच बसते. निकाल लागला की फायली रेकॉर्डरूमला जातात, पण किस्से कुठं जमा करायचे याची सोय कोणत्याच कोर्टात नाही. ते टेबलावरच राहतात. चहा आला की कुणीतरी एकेक उचलतो, आणि बाकीचे ‘मग पुढे काय झालं’ म्हणून खुर्च्या ओढतात.

आमच्याकडचे बहुतेक किस्से रंगारी साहेबांचे. साहेब माझे सीनियर. त्यांचं काम एकच, लोकांचे अडकलेले पैसे काढून देणं. ‘वसुलीवाले वकील’ म्हटलं की ऑटोवालाही बरोबर आमच्या शेडपाशी आणून सोडतो! मी ज्युनियर, आणि इमरतभाऊ आमचे मुन्शी, म्हणजे कारकून. बस, एवढंच ऑफिस.

*

एकदा एक राइस मिलवाले आले. मोठी पार्टी होती, चार ट्रक तांदळाचे पैसे अडकले होते. वकील पारखून घ्यायचा असं घरूनच ठरवून आलेले दिसत होते. बसल्याबरोबर त्यांनी विचारलं, “साहेब, आजवर किती केसेस जिंकल्या?”

“जिंकल्या भरपूर,” साहेब म्हणाले. “पन तुमी हे इचारा, का पैसे कितीकायच्या हाती आले.”

मिलवाले गोंधळले. दोन्ही एकच ना, असं त्यांना वाटत होतं.

“निकाल म्हणजे कागद हाय, भाऊ. कागद त कोनीबी आनून देते. निकाल लागल्यावर काय कराचं, कोनाच्या दारात जाचं, हे ज्याले मालूम हाय, असा वकील पाहा.”

“असा कोण आहे बालाघाटमध्ये?”

“त्याच्याच खुर्चीसमोर बसले तुमी!”

*

कोणाच्या दारात जायचं, हे साहेबांना खरंच माहीत असायचं.

बैहरकडच्या एका ठेकेदाराविरुद्ध आम्हाला निकाल मिळाला होता. ट्रॅक्टर जप्त करायचा हुकूम घेऊन कोर्टाचा माणूस, साहेब, इमरतभाऊ आणि मी असे जीपने गेलो. अंगणात ट्रॅक्टर नाही! ठेकेदाराने हात जोडले. “साहब, ट्रॅक्टर तो कब का बिक गया.”

मी कागद दाखवून भांडायला लागले. साहेबांनी मला थांबवलं आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला सहज विचारलं, “बाई, माहेर कोनतं तुमचं?”

“हट्टा,” ती म्हणाली.

जीप उलटी फिरली. हट्ट्याला सासऱ्याच्या घरामागं तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग होता आणि ढिगातून दसऱ्याच्या पूजेची झेंडूची वाळलेली माळ लोंबत होती. माळ ट्रॅक्टरच्या बोनेटला बांधलेली होती!

परत येताना साहेब म्हणाले, “मानूस पैसा बँकेत ठेवते. पन लपवाचा असला त सासरवाडीले ठेवते!”

आम्ही पोट धरून हसलो. थोड्या वेळाने पाहिलं तर साहेब वळून मागं सुटलेल्या रस्त्याकडे बघत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “ते बाई खरं बोलली. आता घरी तिले बोलनी बसन.”

*

आता पाण्याचं सांगते, कारण ते माहीत नसलं तर पुढचं कळणार नाही.

कुणीही पैसे अडकले म्हणून आला की साहेब आधी वकीलपत्र घेत नसत. म्हणत, “एक डाव त्याच्या घरी जाऊन या. भांडू नका. बसा, पानी प्या, न या.” तो परत आला की साहेबांचा प्रश्न एकच, “पानी कोनं आनून देलं?”

ज्याचं देणं आहे त्याने स्वतः पाणी आणून दिलं असेल, तर साहेब सांगत, थांबा, हा देईल. बायकोला नाही तर सुनेला पुढं केलं आणि स्वतः आत बसून राहिला असेल, तर मला म्हणत, “बाई, नोटीस टाइप कर.”

मला हे थोतांड वाटायचं. एकदा एका सिमेंटच्या दुकानदारासाठी मी परस्पर नोटीस पाठवून दिली. समोरच्याने त्या दुकानदाराला स्वतः पाणी दिलं होतं, चहाही दिला होता. नोटीस पोहोचली तेव्हा तो पैसे घेऊन निघायच्याच तयारीत होता. नोटीस वाचून तो असा पेटला की दीड वर्ष कोर्टात लढला. साहेब मला एक शब्दही बोलले नाहीत. दर तारखेला त्या फायलीवर पाण्याचा पेला ठेवून पीत तेवढे!

*

सुमनबाई आल्या तेव्हा धान कापणीचे दिवस होते. खैरलांजीहून बसने आल्या होत्या. तिथं त्या शाळेचे युनिफॉर्म शिवतात. नवरा गेल्यावर तीन मशिनींवर संसार उभा केलेली बाई. ज्या भाड्याच्या दुकानात बसत, ते दुकान मालक विकायला निघाला होता. घ्यायचं तर सुमनबाईंनीच घ्यावं अशी त्याची इच्छा होती आणि दोन वर्षं थांबायला तो तयार होता. पण त्यांचे साठवलेले अडीच लाख शेजाऱ्याकडे अडकले होते. दुकान दुसऱ्याने घेतलं असतं तर मशिनी कुठं मांडायच्या, हा प्रश्न होता.

“लिहून घेतलं का काही?” मी विचारलं.

“नाही जी. राखी बांधतो मी त्याले. लिहून कसं मांगाव?”

आमच्याकडची ही नेहमीची चूक. परक्याकडून स्टॅम्पपेपर घेतात, आपल्या माणसाकडे कागद मागायला जीभ उचलत नाही!

साहेबांनी विचारलं, “जाऊन आल्या? पानी कोनं देलं?”

“सूनबाईनं. ते आतच होते. चपला दारात होत्या न त्यायच्या.”

मी वही ओढली. “नाव सांगा त्यांचं.”

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. साहेबांकडे पाहत म्हणाल्या, “मधुकर रंगारी. तुमच्यासमोरच त देले होते ना पैसे, साहेब.”

मधुभाऊ म्हणजे साहेबांचे धाकटे भाऊ. लहानपणी आईवडील गेले, तेव्हा साहेबांनीच त्यांना वाढवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, “तुमचं वकीलपत्र मले घेता येत नाही, बाई.”

सुमनबाई उठल्या. पिशवी काखेत धरली, “बरं” म्हणाल्या आणि बसस्टँडकडे निघाल्या.

*

त्या दिवशी मी साहेबांना काय काय बोलले, ते आठवलं की अजून मान खाली जाते. “जगाचे पैसे काढता, आणि भावाचं नाव आलं की हात वर! काहून?” असं शेडमधल्या सगळ्यांसमोर बोलले. इमरतभाऊंनी दोनदा माझी बाही ओढली.

साहेब ऐकून घेत होते. माझं संपल्यावर त्यांनी कोरं वकीलपत्र माझ्यापुढं सरकवलं.

“सुमनबाईची बस अजून सुटली नसन. तिले बलाव. याच्यावर तुह्यं नाव टाक.”

“आणि तुमचं?”

“मह्यं साक्षीदारायच्या यादीत टाक. पहिलं.”

ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने साक्ष द्यायची, आणि ज्याने साक्ष द्यायची त्याने ती केस चालवायची नाही. कायद्याची ही साधी गोष्ट मला रागाच्या भरात सुचली नव्हती. मी बसस्टँडकडे अक्षरशः पळत गेले.

*

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. तोवर साहेबांचा मोतीबिंदू पिकला होता. इमरतभाऊंनी हात धरून त्यांना साक्षीदाराच्या कठड्यापर्यंत नेलं. सगळा जन्म त्यांनी त्या कठड्याकडे तोंड करून प्रश्न विचारले होते. त्यात उभे राहिलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

पैसे कधी दिले, कुठं दिले, कशातून दिले, सगळं त्यांनी सांगितलं. युनिफॉर्मच्या उरलेल्या निळ्या कापडाची पिशवी होती, हेसुद्धा.

समोरच्या वकिलाने विचारलं, “मधुकर आपके कौन हैं?”

“सगा भाई.”

“आप इतने बरसों से वसूली के वकील हैं. आपके सामने इतनी बड़ी रकम दी गई, और आपने लिखवाया नहीं?”

मलाही या प्रश्नाचीच भीती होती. साहेब हिंदी सोडून घरच्या बोलीत म्हणाले, “लाज वाटली, जी. लहान भावाच्या घरी जेवाले बसलो होतो. चूक मह्यी हाय. सुमनबाईची नाही.”

जजसाहेबांनी ते स्टेनोला हिंदीत सांगून लिहून घेतलं. मधुभाऊ मागच्या बाकावर होते. त्यांनी डोकं वर केलं नाही.

दुपारी आम्ही शेडमध्ये आलो. साहेब खुर्चीत बसले, मी फायल बांधत होते. सुमनबाई पलीकडे बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात मधुभाऊ आले. आमच्याकडे न बघता माठापाशी गेले, दोन पेले भरले. एक त्यांनी साहेबांच्या हाताशी ठेवला. दुसरा घेऊन ते पुढं गेले.

साहेबांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. ते मान वळवून ऐकत होते. मग इमरतभाऊंना हळूच म्हणाले, “सुमनबाईले पानी कोन देऊन राह्यलं?”

“मधुभाऊ, साहेब.”

साहेबांनी आपला पेला चाचपून उचलला आणि एका दमात संपवला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “तडजोडीचा कागद टाइप कर, बाई. न या डाव लिहून घेजो!”