वेळेवर आलेलं पाणी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरातल्या एका तीन मजली इमारतीत जो पूर आला, त्याचा पाऊसमानाशी काहीही संबंध नव्हता. तो पूर मी आणला. एकट्यानं. (बायको म्हणते, ‘एकट्यानं’ हा शब्द जाड ठशात छापून घ्या.)

माझं लातूरला झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ते धाकट्या भावाच्या हवाली करून आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी तिकडं संसार थाटायला गेलो, कारण आमची एकुलती एक लेक प्राची हिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. लेकीला माहेरी येता येईना, म्हणून माहेरच विमानात घालून तिच्याकडं न्यायचं ठरलं. शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, डिंकाचे लाडू, शेपा, ओवा आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या साड्यांच्या घड्या असं सगळं बॅगेत भरलं. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवसापासून ती या बाळंतपणाची वाट बघत होती. माझी बॅग तिनं विमानतळावर तीनदा उघडून बघितली आणि माझे दोन स्वेटर काढून तिथं आणखी लाडू बसवले. मी थंडीनं आजारी पडलो तर चाललं असतं. लाडू मोडून चालणार नव्हतं.

जावई अमोलराव नांदेडचे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं लागेल. नांदेडला गोदावरी आहे. आमच्या लातूरला एकदा पाणी रेल्वेनं आलं होतं. दोन गावांत अंतर फार नाही, पण सोयरीक केल्यापासून मला ते रोज जाणवतं.

प्राचीचं घर दुसऱ्या मजल्यावर. बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, घरमालक राहत. क्लाइन नावाचे एक उंच, किडकिडीत, एकटे आजोबा. त्यांनी आमच्यासाठी एका कागदावर लेखी परवानगी दिली होती: पाहुणे दोन, मुदत तीन महिने, वागणूक शांत. तो कागद जावयांनी फ्रिजवर चिकटवला होता. माझ्या वागणुकीला आयुष्यात पहिल्यांदाच लेखी दाखला मिळाला होता, म्हणून मी येता-जाता तो वाचत असे. (जर्मन येत नव्हतं. नुसता बघत असे.)

पहिले तीन आठवडे माझा त्या घरात कवडीचा उपयोग नव्हता. शोभा स्वयंपाक करी, लेकीचे पाय चेपी. मी कशाला हात लावला की तिघं मिळून ‘राहू द्या’ म्हणत. कचऱ्याचे चार रंगांचे चार डबे होते. मी चहाचा चोथा भलत्याच डब्यात टाकला, तर दुसऱ्या दिवशी तो एका स्वच्छ पिशवीत भरून आमच्या दाराच्या कडीला अडकवलेला सापडला. दुकानात मला लोक ‘सर’ म्हणतात हो! तिथं माझा चोथा परत येत होता.

आणि सगळ्यात मोठा त्रास नळाचा. फिरवला की पाणी. सकाळी पाणी, दुपारी पाणी, कुणी मागितलं नाही तरी पाणी. आमच्याकडं उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी नळ येतो, आणि कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. म्हणून लातूरच्या घरात नळ कधीच बंद नसतो. उघडा ठेवायचा, खाली घागर लावायची. आधी नळातून हवेची सुंsss अशी शिट्टी येते, मग तो दोनदा खोकतो, मग तांबडं पाणी थुंकतो, आणि मग धार लागते. ती घागरीत पडली की आख्खी गल्ली उठते. नळ बंद ठेवणारा माणूस आमच्याकडं एक तर भाडेकरू असतो, नाही तर नांदेडचा.

अशात एके दिवशी इमारतीच्या दारावर एक कागद लागला. अमोलरावांनी वाचून दाखवलं: गुरुवारी पाइपाची दुरुस्ती, सकाळी नऊ ते अकरा पाणी बंद.

माझ्या अंगात वीज संचारली. तीन आठवड्यांनी त्या देशानं मला समजेल अशी एक गोष्ट केली होती! मी बाह्या वर केल्या.

“अप्पा, दोनच तासांचा प्रश्न आहे,” प्राची म्हणाली.

“बाई, नऊ ते अकरा हे त्यांनी लिहिलंय. पाण्यानं वाचलंय का ते?”

“मामा, इथं अकरा म्हणजे अकराच असतं,” अमोलराव म्हणाले. नांदेडकडं सासऱ्याला मामा म्हणतात, आणि खोडून काढायचं असलं की जरा जास्तच प्रेमानं म्हणतात.

“तुम्ही नदीकाठचे, अमोलराव. तुम्हाला न्हाई कळायचं.”

बुधवारी मी मोहिमेवर निघालो. पातेली भरली, कुकर भरला, डबे भरले, चहाच्या किटल्या भरल्या, फुलदाणीतली फुलं काढून ती भरली. बाळासाठी एक गुलाबी प्लास्टिकचा टब आणून ठेवला होता, तो भरला. सॅलडचा वाडगा, केक भाजायचा साचा, बर्फाचे ट्रे. मग मोठा टब राहिला, न्हाणीघरातला, माणूस आडवा झोपेल असा. त्याला बूच लावून तो भरायला घेतला, तर वरच्या अंगाला एक भोक दिसलं. पाणी तिथवर चढलं की बाहेर जाणार! एवढ्या हुशार लोकांनी मुद्दाम गळका टब बनवावा? मी कणीक मळली, त्या भोकात ठासून भरली आणि वरून खोकी बंद करायची चिकटपट्टी लावली. टबात चार बादल्या पाणी जास्त मावलं. त्या रात्री मी समाधानानं झोपलो.

गुरुवारी प्राची आणि अमोलराव तपासणीला दवाखान्यात गेले. जाताना प्राची एवढंच म्हणाली, “अप्पा, कशालाच हात लावू नका.” नऊ वाजता पाणी गेलं. मी घरभर फिरून पाचही नळ उघडे केले. (स्वयंपाकघरातला शोभानं केला. ती आता नाही म्हणते.) साडेनऊ झाले, दहा झाले. नळ गप्प. ती शांतता इतकी ओळखीची होती की मला गावाची आठवण आली. साडेदहाला मी निकाल दिला: आता संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, चल, तळ्यावर बदकं बघून येऊ.

“नळ?” शोभानं चपला घालताना विचारलं.

“राहू दे की उघडे. बंद ठिवले अन् आपल्या माघारी पाणी येऊन गेलं म्हंजे?”

तिला ते पटलं. लातूरचं कुणीही असतं तर पटलंच असतं.

पाणी अकरा वाजता आलं. अकरा वाजून एक मिनिटानं नाही, अकराला पाच कमीही नाही. भावकीनं बांध कोरला, मित्रांनी उधारी बुडवली, पण असा दगा मला आयुष्यात कुणी दिला नव्हता!

आम्ही साडेबाराला परतलो. जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी खाली येत होतं, एकेक पायरी उतरत, अगदी शिस्तीत. आता खरं सांगतो, माझ्या तोंडून पहिला उद्गार आनंदाचाच निघाला: “शोभे, पाणी आलं!”

मग आम्ही धावलो. तिकडच्या न्हाणीघराला मोरी नसते. जमिनीत पाणी जायला भोकच नाही, उलट पायपुसणी अंथरलेली! हे मी पहिल्याच दिवशी बघून हसलो होतो. टब काठोकाठ भरून वाहत होता, माझी कणीक दगडासारखी घट्ट बसली होती, आणि बाळाच्या भरलेल्या गुलाबी टबाला वळसा घालून पायपुसणी तरंगत दाराकडं निघाली होती. पाचही नळ बंद केले, तर खालून काही तरी टपटपत असल्याचा आवाज आला.

क्लाइन आजोबांचं दार उघडंच होतं. त्यांच्या बैठकीत एक जुना काळा पियानो होता आणि त्यावर त्यांच्या वारलेल्या बायकोचा फोटो. छतातून बरोबर पियानोवर धार लागलेली. आजोबा ओल्या मोज्यांनी उभे होते. एका हातात बायकोचा फोटो, दुसऱ्या हातात कॉफीचा कप, आणि तो कप त्यांनी धारेखाली धरला होता.

शोभा त्या क्षणी लातूरची झाली. “भांडी आणा,” ती म्हणाली. मी वर पळालो. कुकर उचलला, भरलेला. पातेलं उचललं, भरलेलं. वाडगा, फुलदाणी, केकचा साचा, सगळं काठोकाठ भरलेलं! खालच्या गळतीखाली लावायला घरात एक रिकामं भांडं नव्हतं. मी भरला कुकर छातीशी धरून तसाच जिन्यात उभा राहिलो.

“ओता की ते,” शोभा खालून म्हणाली.

“कुठं ओतू? चांगलं पाणी हाय.”

तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तिचं वर्णन करायचं वय राहिलं नाही. मी कुकर जिन्यातल्या कुंडीत ओतला. अर्धा. अर्धा जड गेला.

संध्याकाळी अमोलराव एकही शब्द वावगा बोलले नाहीत. ते मला फार लागलं. नांदेडच्या माणसाला लातूरवाल्याला पाण्यावरून बोलायची अशी संधी जन्मात एकदा मिळते, आणि त्यानं ती सोडून दिली, फरशी पुसत राहिला.

दोन दिवसांनी मी डिंकाचे लाडू घेऊन खाली गेलो, माफी मागायला. प्राची दुभाषी. मी क्लाइन आजोबांना सगळं सांगितलं: घागर, शिट्टी, खोकणारा नळ. त्यांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं. किती दिवसांनी पाणी येतं, विचारलं. मी बोटांवर दाखवलं. त्यांनी ती बोटं पुन्हा एकदा मोजली. मग पियानोची एक पट्टी दाबून दाखवली. ती वाजली नाही. लाडू त्यांनी ठेवून घेतला.

त्यांना सगळं कळलं होतं. कळलं होतं, तरी पत्र आलंच. प्राचीनं जेवणाच्या टेबलावर ते मराठीत वाचून दाखवलं. भाडेकराराचा ते पुन्हा विचार करणार होते. घर तसंच चालू राहावं असं वाटत असेल तर ‘सन्माननीय पाहुण्यांनी’ महिनाअखेरीस निरोप घ्यावा. सन्माननीय हा शब्द प्राचीनं दोनदा वाचला. फ्रिजवरचा परवानगीचा कागद अमोलरावांनी हळूच काढला.

आठव्या महिन्यात नवं घर शोधणं शक्य नव्हतं. त्या शहरात घर मिळायला माणसं वर्ष-वर्ष थांबतात. हे सगळ्यांना माहीत होतं. शोभा म्हणाली, “मग बाळंतपण कोण करणार?”

उत्तर नांदेडला होतं. बारशाला येता यावं म्हणून अमोलरावांच्या आईचा व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता. क्लाइन आजोबांनी त्यांना येऊ दिलं. फक्त एकच विचारलं म्हणे: या बाई कुठल्या गावच्या?

आम्ही परत आलो. विमानात माझ्या मांडीवर रिकामी बॅग होती. लाडू तिकडंच ठेवले होते, ते विहीणबाई लेकीला खाऊ घालणार होत्या. जुन्या साड्यांच्या घड्याही तिकडंच. शोभा खिडकीतून बाहेर बघत होती. मी पाणी हवं का विचारलं. (चूक झाली. तो विषय काढायला नको होता.) त्यानंतर ती माझ्याशी बोलली ती लातूरला पोचल्यावर पाचव्या दिवशी, आणि तेही, “सरका, घागर लावायचीय” एवढंच.

बाळ झालं. मुलगी. दोघी सुखरूप. पाचव्या दिवशी त्या दवाखान्यातून घरी आल्या आणि प्राचीनं सकाळी व्हिडिओ कॉल केला, बाळाची घरातली पहिली अंघोळ दाखवायला. आमच्याकडं नळाला पाणी येऊन त्या दिवशी अकरावा दिवस होता. मी इस्त्रीचा सदरा घातला. शोभानं कुंकू लावलं, फोन पाण्याच्या पिंपावर टेकवला आणि पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसली.

पडद्यावर विहीणबाई दिसल्या. मोठ्या टबाच्या काठावर बसल्या होत्या, पायावर आमच्या शोभाची मऊ साडी, समोर तोच गुलाबी टब, आणि हातात गुंडाळलेलं एक एवढंसं लाल तोंड. मागं मोठ्या टबाचा नळ सोडलेला, भळाभळा. शोभाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं माझा हात धरला, महिन्याभरानं.

“बघ गं बाई, तुझे लातूरचे आजोबा,” विहीणबाई बाळाला फोनसमोर धरून म्हणाल्या. “बोला की व्याहीबुवा, नात बघून राहिली तुमच्याकडं. पहिला शब्द चांगला बोला.”

सगळे थांबले. प्राची थांबली, अमोलराव थांबले, बाळसुद्धा रडायचं थांबलं. मी घसा खाकरला. आदल्या रात्रीपासून पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. आणि मी म्हणालो,

“विहीणबाई, आधी मागचा नळ बंद करा!”