झोपमोड बाई

आमच्या बालसंरक्षण कार्यालयातल्या एका बाईंना सगळे पाठीमागे 'झोपमोड बाई' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे. वाईट वाटून घ्यायलाही आता त्यांना वेळ नसतो.

त्यांच्या देखरेखीखालच्या एका घरातला मुलगा जायबंदी होऊन रुग्णालयात गेला, तेव्हा चौकशी बसली. बाई त्या घरी नेमाने जात होत्या. पण दर वेळी मुलाची आई दारातच हळू आवाजात म्हणे, "आत्ताच डोळा लागलाय हो." झोपलेल्या लेकराला उठवू नये, हे तर आपण सगळेच शिकलो. बाई पांघरुणाकडे बघून परत यायच्या. पांघरुणाखाली मोडलेला हात होता.

बैठकीत साहेबांनी उपाय काढला : भेटी वाढवा.

"भेटी कमी नव्हत्या, साहेब," बाई म्हणाल्या. "पोर बघितलं नाही मी."

साहेबांनी घड्याळ बघितलं. भेटी वाढल्या, शिवाय दोघांनी मिळून जायचं ठरलं. माणसं मात्र होती तेवढीच. म्हणून परवा बाईंच्या जोडीला मी गेलो, हिशेब विभागातला.

एक मुलगी बरेच दिवस वर्गात आली नाही, असं शाळेने कळवलं होतं. जिना चढून गेलो. दार मुलीच्या आजींनी उघडलं.

"झोपलीय. ताप उतरलाय आत्ता कुठे."

"उठवा, आजी."

"अहो, झोपल्या लेकराला उठवतं का कोणी? तुम्हाला पोरंबाळं आहेत की नाही?"

"आहेत. उठवा."

"आणि हे कोण? पोलीस?"

"हे हिशेब बघतात."

"मग माझ्या नातीचा कसला हिशेब करताय?"

मी हळूच म्हणालो, "उद्या येऊ या का?" बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

आजी तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच आत गेल्या. मुलगी डोळे चोळत, मुसमुसत बाहेर आली. बाईंनी तिला गॅलरीत नेलं आणि दार लोटून घेतलं. काचेतून दिसत होतं : बाई फरशीवर बसल्या होत्या, मुलगी बाह्या सारून हात दाखवत होती. मग पाठ. मग बराच वेळ नुसतं बोलणं. आजी पदराने डोळे पुसत होत्या.

दार उघडलं तेव्हा मुलगी विचारत होती, "मला कशाला उठवलं?"

"तुला बघायला."

"बघितलं?"

"बघितलं. तापच आहे. जा, झोप आता."

आम्ही जिना उतरत असताना आजींनी वरून आमच्या कार्यालयाचा उद्धार केला. साहेबांकडे तक्रार करणार होत्या, आणि त्या करतीलच. मधल्या पायरीवर बाई बसल्या आणि चप्पल काढून घोटा चोळू लागल्या.

"उगाच बोलणी खाल्लीत," मी म्हणालो.

"उगाच ठरली ना? मग झालं."

थोड्या वेळाने त्यांनी चप्पल पायात सरकवली. "चला. कोपऱ्यावरचं घर राहिलंय. तिथेही बाळ या वेळेला झोपलेलंच असतं."