दहाच्या वाटेवर सोळा चॅनेल

नवा चॅनेल घ्यायचा ठरला, की तो मशीनच्या कपाटावर तळहात आपटायचा आणि म्हणायचा, "बसतंय की!" बसत नसायचं. पण तसं म्हणणाऱ्याकडे तो असा बघायचा, जणू समोरचा चपला घालून देवघरात शिरलाय.

शिवाजी पेठेतल्या आमच्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये तो मुख्य इंजिनिअर होता आणि मी त्याच्या हाताखाली. माणूस अडाणी नव्हता. असता तर मी त्याला माफ केलं असतं. काम त्यानंच मला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. "हे बघ, प्रत्येक चॅनेलच्या चित्राचं बारीक तुकडं करायचं. प्रत्येक तुकड्यावर त्या चॅनेलचा नंबर. मग सगळ्यांचं तुकडं एकाच वाटेनं सोडायचं. घरातला बॉक्स पाहिजे त्या नंबराचं तुकडं उचलतोय आणि चित्र जुळवतोय. पण वाट तेवढीच ऱ्हाती. एकाला जादा दिलं की दुसऱ्याचं कमी होतंय." एका जागी बसून बातम्या वाचणाऱ्या बाईच्या चित्राला थोडे तुकडे पुरतात आणि पळणाऱ्या माणसाच्या चित्राला भरपूर लागतात, हेही त्यानंच सांगितलं होतं.

एवढं कळणाऱ्या या माणसानं दहा चॅनेलच्या वाटेवर सोळा कोंबले. का, तर यादी लांबलचक दिसावी आणि मालकानं पाठीवर हात ठेवावा. असे विद्वान तुम्हीही पाहिले असतील. मालकासमोर कमरेत वाकणारे आणि तक्रारीचा फोन आला की "तुमचाच टीव्ही बघा" म्हणून आपटणारे.

एकदा फुटबॉलची फायनल आमच्या लोकल चॅनेलवर थेट दाखवायची होती. आदल्या दिवशी मी म्हटलं, "साहेब, उद्यापुरते चार-पाच चॅनेल बंद ठेवूया. मैदानावर पळापळ असते, चित्र फुटेल."

"काय होत न्हाय. लोकांस्नी काय कळतंय?"

सोळाही चॅनेल चालूच राहिले.

सामना टायब्रेकरवर गेला. शेवटच्या पेनल्टीला पेठेतला गोलकीपर झेपावला आणि पडद्यावर नुसते चौकोन उरले. ते जुळले तेव्हा पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचत होती.

दुसऱ्या दिवशी त्या गोलकीपरची आई आमचा जिना चढून आली. पायाला प्लॅस्टर, हातात कुबडी. पाय मोडल्यामुळेच ती मैदानावर जाऊ शकली नव्हती.

"सायेब, माझ्या पोरानं बॉल अडवला म्हणून सगळी पेठ सांगत्या. मलाच दिसला न्हाई. परत एकदा दावा की."

रेकॉर्डिंगही त्या फुटक्या चित्राचंच झालं होतं, आणि ते त्याला माहीत होतं. तिला बस असंही न म्हणता तो खुर्चीतूनच बोलला, "मावशी, टीव्ही जुना झालाय तुमचा. नवीन घ्या."

"व्हय, जुनाच हाय," ती ओशाळून म्हणाली. "उगंच तरास दिला तुमास्नी." आणि वळली.

तिनं त्याची माफी मागावी हे मला सोसवेना. मी जिन्यावर तिला गाठलं. "मावशी, टीव्ही चांगला हाय तुमचा. चूक आमची हाय. रेकॉर्डिंगातबी ते दिसत न्हाई."

ती कठड्याला धरून उभी राहिली. "मग त्यो असं का बोलला?"

मी फक्त तिची कुबडी धरली आणि एकेक पायरी तिला खाली उतरवलं. वर आलो तर तो हसत होता. "लईच पुळका आलाय व्हय रं?"

पुढे तो पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत बढतीवर गेला. निरोप समारंभात मालकानं शाल घातली, आणि तो ग्राहकांच्या समाधानावर बराच वेळ बोलला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं शौर्य तेवढंच.

त्याच दुपारी मालकाला न विचारता मी त्या वाटेवरचे सहा चॅनेल काढून टाकले. मग शिव्या खायच्या तयारीनं फोनजवळ बसलो. ते चॅनेल कुठं गेले, असं विचारायला आजतागायत एकाचाही फोन आलेला नाही.