व्हर्नाचं पिकअपचं गाणं

व्हर्ना क्रेनेकला त्या रविवारी सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. चर्चमध्ये तिनं दोनदा चुकीच्या वेळी गुडघे टेकले. दुपारी नाचाच्या हॉलवर सॉसेज आणि कोलाचे नावाच्या गोड पावांच्या टेबलाशेजारी तिच्या नव्या रेकॉर्डींची रास मांडली होती. ती तिनं उजवीकडे सरकवली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

"अगं, राहू दे त्या. कोंबडीसारखी काय अंडी फिरवत बसलीस?" ड्रम वाजवणारा लिरॉय म्हणाला.

व्हर्ना आठवडाभर गुरांच्या खाद्याच्या दुकानात असायची आणि रविवारी दुपारी या हॉलमध्ये गायची. गिटार खणखणीत, गाणी खेड्यातली, आवाज थोडा खरखरीत. टेक्सासच्या त्या भागात तिच्या गाण्यावर नाचला नाही असा माणूस मिळणं कठीण. पण नाचणाऱ्याला शब्द कुठले ऐकू येतात? त्याला ठेका हवा असतो. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. उलट, त्या आडोशाला राहून तिनं मनातलं पुष्कळ काही गाऊन टाकलं होतं.

तिचा नवरा एमिल तेलविहिरीच्या कामाला म्हणून पश्चिमेकडे गेला तो परतलाच नाही. सुरुवातीला पत्रं आली, मग तीही थांबली. तरीही व्हर्ना सासूसासऱ्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या घरातच राहिली. त्याचं नाव कुणी काढत नसे. फक्त दर रविवारी चर्चहून आल्यावर तिची सासू जॉर्जिया अंगणात जाई, एमिलच्या जुन्या पिकअपमध्ये बसे आणि इंजिन सुरू करी. थोडा वेळ ते घरघरू देई, मग बंद करून आत येई. बॅटरी उतरू नये म्हणून. व्हर्नाला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे.

त्यावरच तिनं गाणं केलं होतं. हॉलमध्ये ते इतकं जलद चाले, की लोकांना ते गाडीचं मजेदार गाणं वाटे. मधल्या ओळीला पोरं तोंडानं भोंगे वाजवत. सासरा अल्विन आणि जॉर्जियाही त्यावर कितीतरी वर्षं नाचली होती.

घोटाळा स्टुडिओत झाला. व्हर्नाची आणि तिच्या साथीदारांची सारी लय नाचणाऱ्यांच्या पायांवर बेतलेली. पाय दमले की हात सावकाश, पायांना जोर चढला की हात भरभर. ऑस्टिनच्या स्टुडिओत तिला काचेच्या खोलीत उभं केलं, लिरॉयला पलीकडच्या. समोर एक पाय नाही. पिकअपचं गाणं आपोआप संथ होत गेलं, आणि तिला थांबवता येईना. संपल्यावर लिरॉय काचेआडून हात जोडून म्हणाला, "माफ कर, झोपलो वाटतं मी." पण रेकॉर्ड करणारा माणूस म्हणाला, "अजिबात बदलायचं नाही. हेच गाणं आहे."

आता रेकॉर्डवर तिचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"पिकअपचं जलदच घेऊ या," हॉलमध्ये ती लिरॉयला म्हणाली.

"आणि लोक रेकॉर्ड घरी नेऊन वाजवतील तेव्हा? जॉर्जियाबाई ऐकणारच आहेत. तुझ्यासमोर ऐकू दे की!"

व्हर्नानं रेकॉर्डींची रास पुन्हा एकदा डावीकडे सरकवली. मग मान डोलावून संथच घ्यायचं कबूल केलं.

त्या हॉलची एक रीत होती. वयानं थोर जोडपं आधी उतरायचं, बाकीच्यांनी त्यांच्या मागं लागायचं, आणि पुढच्याला ओलांडून कुणी जायचं नाही. अल्विननं टोपी काढून ठेवली, जॉर्जियाचा हात धरला आणि तो मधे आला. मागं रांग लागली. गाणं सुरू झालं. अल्विननं पाऊल उचललं, ठेका आलाच नाही, पाऊल तसंच अधांतरी राहिलं. मागून कुणीतरी मस्करीत भोंगा वाजवला आणि मधेच गप्प झाला. पुढचे थांबले, म्हणून सगळेच थांबले. सारा हॉल एकमेकांच्या कमरेत हात घालून नुसता उभा, आणि व्हर्ना गातेय:

रविवारी सुरू होते गाडी,
अंगणातून हलत नाही.

गाताना तिची नजर सारखी जमिनीवर जाई. पायांवरून काहीच कळत नव्हतं. शेवटी तिनं मान वर केली. जॉर्जिया तिच्याकडेच बघत होती.

गाणं संपलं. टाळी नाही. जॉर्जिया अल्विनचा हात सोडून मंचापाशी आली.

"खिडकीतून दिसतं होय तुला?"

"हो, ममा."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस ती?"

"गात होते की. दर रविवारी."

"घाईघाईत म्हणायचीस," जॉर्जिया म्हणाली, "आणि मीही घाईघाईतच ऐकायची. बरं वाटायचं तसं." मग तिनं ब्लाउजची बाही सारखी केली. "यापुढं तिथं उभी राहून बघू नकोस. यायचं असेल तर ये बाहेर. बस शेजारी."

व्हर्ना गिटारची खुंटी पिळत राहिली, तार तुटेल इतकी.

"आता पोल्का घ्या एखादा, जलद नाचाचा. लोक ताटकळलेत," जॉर्जिया म्हणाली आणि परत जागेवर गेली.

लिरॉयनं ठेका धरला. व्हर्ना पहिलीच ओळ चुकली, दुसरी विसरली, कुणाच्या लक्षात आलं नाही. अल्विन मात्र अजून तिथंच उभा होता, दाराकडे तोंड करून, हात तसाच वर धरलेला. जॉर्जियानं त्या हातात आपला हात दिला आणि त्याला कोपरानं ढोसलं.

"चला हो. मागची सगळी रांग अडलीय."