सा नसलेले चार सूर

रत्नप्रभा परबचा डावा हात चाळीस वर्षं नुसती हवा घालत आला. पेटी वाजवणाऱ्या माणसाचं असंच असतं. उजवा हात सुरांवर फिरतो, लोक त्याच्याकडे बघतात, वाहवा त्याला मिळते. डावा हात मागे भाता ओढत बसतो. दहाव्या वर्षी वडिलांनी तिला घाटकोपरच्या चाळीत पेटीसमोर बसवलं, तेव्हा दोन महिने एकाही पट्टीला बोट लावू दिलं नाही. "आधी श्वास घ्यायला शीक," ते म्हणाले, "बोलायचं मग." वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ भरपूर होता आणि रागही भरपूर होता. दोन्ही त्यांनी पेटीत ओतलं.

तिचं गाव आणि माझं गाव कोकणात, एकाच ओढ्याच्या दोन काठांवर. आमची माणसं मुंबईला गेली ती रिकाम्या हातांनी, पण भजन घेऊन गेली. म्हणून हे सांगताना मला घाई नाही.

आता रत्नप्रभा एक्कावन्न वर्षांची आहे, मुलुंड पूर्वेला राहते. रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी ती सकाळी सहा ते दहा घरोघर जाऊन रक्त घेते. स्कूटरच्या डिकीत सुया, कापूस आणि रंगीत टोपणांच्या नळ्या. नस डोळ्यांना दिसत नसली तरी तिच्या बोटांना दिसते. म्हातारी माणसं तिचंच नाव सांगून बोलावतात. आणि गेली सव्वीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी सोसायटीतल्या दत्तमंदिरात ती महिला भजनी मंडळाच्या पेटीवर बसते. गातात कुंदाताई सावंत. साठी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून खणखणीत. कुंदाताईंनी श्वास घेतला की पुढचा सूर कोणता येणार हे रत्नप्रभाला कळायचं. त्या गायच्या आणि अर्ध्या श्वासाच्या अंतरानं पेटी त्यांच्या मागून जायची, सावलीसारखी. सावलीनं कधी तक्रार केली नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर मंडळाच्या पेटीची एक पट्टी बोट न लावताच वाजायला लागली. दुरुस्ती कशी करायची ते बघायला रत्नप्रभानं फोनवर एक व्हिडिओ लावला. पट्टी दुरुस्त झाली, व्हिडिओ संपला आणि त्याच्यामागून दुसरा आपोआप सुरू झाला. पांढऱ्या दाढीचा एक गोरा माणूस, समोर पियानो. तो सावकाश इंग्रजीत काहीतरी सांगत होता. मग त्यानं डाव्या हाताची चार बोटं एकदम खाली ठेवली.

रत्नप्रभा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तशीच बसून राहिली.

तो सूर उभा राहत नव्हता, खालीही पडत नव्हता. अधांतरी थरथरत होता. तिनं व्हिडिओ मागे नेला, पुन्हा ऐकला, पुन्हा मागे नेला. पेटीवर एकेक सूर शोधून वहीत लिहिला: ग प नी रे. मग खाली लिहिलं: "सा कुठे आहे?"

सा नव्हताच. हा जॅझ होता, आणि त्या माणसाचं म्हणणं असं की मूळ सूर डाव्या हातानं वाजवायचाच नाही. तो शेजारी बसून खालचे जाड सूर धरणारा बेसवाला वाजवेल, नाहीतर ऐकणाऱ्यानं मनात धरावा. रत्नप्रभाला हे भयंकर वाटलं. ज्या घरात ती वाढली तिथे सा म्हणजे जोतं. जोत्याशिवाय भिंत कोण बांधतं? पण दुसऱ्या दिवशी रक्त घेऊन परतताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा तिची चार बोटं हँडलवर तेच चार सूर दाबत होती.

मुलगी श्रुतिका लहानपणी दोन महिने कीबोर्ड शिकली होती. तो कपाटावर धूळ खात पडलेला. रत्नप्रभानं तो खाली काढला, पुसला आणि दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. उजव्या हातानं सूर धरला. डावा हात टेबलाची कड धरून पुढे-मागे, पुढे-मागे. श्रुतिका त्या दिवशी घरूनच ऑफिसचं काम करत होती. ती पाणी प्यायला आली आणि दारातच थांबली.

"आई, हवा कोणाला घालतेयस?"

"गप गं."

"नाही, टेबलाला दम लागलाय म्हणून विचारलं."

दोघी हसल्या. पण हात काही ऐकेना. चाळीस वर्षांची सवय. डाव्या हाताला सूर दिला की तो भांबावल्यासारखा व्हायचा, करंगळी एकीकडे, अंगठा भलतीकडे. रत्नप्रभानं त्याला लहान पोरासारखं शिकवलं. म ध सा ग. मग त्यातला फक्त सा उचलायचा आणि नीवर ठेवायचा: म ध नी ग. बाकीची तीन बोटं जागच्या जागी. आणि मग सगळा पंजा सरकवून ग प नी रे. एका बोटाची ती हालचाल तिला सोडेना. एक बोट अर्ध्या सुरानं खाली येतं आणि अख्खं घर दुसऱ्या दिशेला तोंड करतं! चाळीस वर्षं पेटी वाजवून हे आपल्याला कोणी कसं सांगितलं नाही?

ती अस्वस्थ झाली ती तेव्हापासून. कुकरच्या शिट्टीत तिला अर्धा सूर ऐकू यायचा. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालायची. नवरा श्यामसुंदर एकदा म्हणाला, "कोणाला तार करतेयस का?" एका सकाळी रक्त घ्यायला तिनं एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्यांच्या हातावर बोटं फिरवत बसली. फिरवतच बसली.

"काय हो, सापडत नाही का नस?"

"सापडली, सापडली," ती दचकून म्हणाली.

"मग मोजताय काय?"

महिन्याभरात डावा हात वळला. खरी अडचण त्यानंतर आली. दाढीवाल्यानं पुढच्या धड्यात मागे ठेका आणि बेस लावून दिला आणि म्हणाला, आता डाव्या हातानं हे सूर धरा, उजव्या हातानं चार आवर्तनं तुमच्या मनाचं वाजवा. काहीही वाजवा.

रत्नप्रभाचा उजवा हात हवेत थांबला. चार आवर्तनं निघून गेली. ती पुन्हा पहिल्यापासून लावून बसली. पुन्हा निघून गेली. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं की ती वाट बघते आहे. कोणीतरी आधी गावं म्हणून. चाळीस वर्षांत तिच्या बोटांनी असा एकही सूर लावला नव्हता जो आधी दुसऱ्याच्या गळ्यातून आला नव्हता. हे कळल्यावर तिनं कीबोर्ड बंद केला, गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढले, आत येऊन पुन्हा कीबोर्ड लावला, पुन्हा बंद केला. माझ्यात माझं काही आहे की नाही? एवढाच प्रश्न, पण तो चपलेतल्या खड्यासारखा तिला दिवसभर टोचायला लागला.

आणि मग तो गुरुवार आला.

मंडळात एक पद्धत आहे. कुंदाताई एक ओळ गाऊन थांबतात, पेटी तीच ओळ वाजवून परत देते आणि ज्या सुरावर पेटी थांबते तो सा धरून कुंदाताई पुढची ओळ उचलतात. कुंदाताईंची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हाच त्यांचा सा. डोळे मिटून गातात, पेटीकडे बघायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. त्या दिवशी गौळण चालू होती, देऊळ भरलेलं. कुंदाताई थांबल्या. रत्नप्रभानं ओळ परत द्यायला घेतली आणि शेवटी 'सा'वर यायच्या ऐवजी तिच्या बोटांनी आपोआप धरलं: ग प नी रे. वरचा रे घंटेसारखा देवळात लोंबकळत राहिला.

कुंदाताईंनी तोच सा समजून उचलला.

आता काळी चारचा रे म्हणजे काळी पाच. अख्खं भजन एका सुरानं वर चढलं. पहिल्या ओळीला कोणाला कळलं नाही. दुसऱ्या ओळीला टाळ धरलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अंतरा आला तेव्हा मागच्या रांगेतल्या तिघींचे आवाज फाटले, त्यांतल्याच शुभावहिनींना खोकला सुटला आणि स्वतः कुंदाताई वरच्या सुराला पोचताना अशा ओरडल्या की प्रसाद वाटणाऱ्या बाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. भजन अर्ध्यावर थांबलं. असं त्या देवळात पूर्वी झालं नव्हतं.

"खय गेल्लंस गो?" कुंदाताईंनी सगळ्यांसमोर विचारलं. रागावल्या की त्या मालवणीत जातात. "माका गळफास लावूक बसलंस काय?"

रत्नप्रभानं पट्ट्यांवरची बोटं उचलली. रे सुंदर होता, हेच तिच्या मनात होतं, आणि ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

घाटकोपरला महिला मंडळांची भजन स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी फोन आला की पेटीवर उत्तरा बसेल. उत्तरा मंडळात नवीन, हात स्वच्छ, घाबरट. "तू जरा विश्रांती घे," कुंदाताई म्हणाल्या. रत्नप्रभानं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघायचं तिनं टाळलं. सव्वीस वर्षांची जागा एका फोनमध्ये गेली होती. आणि ज्यांच्यासाठी गेली त्या चार आवर्तनांत ती अजूनही गप्पच होती. ना इकडची, ना तिकडची. दुपारी ती दाढीवाल्याचा ठेका लावायची आणि मागे नुसता बेस चालत राहायचा, मालक नसलेल्या बैलगाडीसारखा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी लॅबनं दिलेल्या यादीत तिसरं नाव होतं कुंदा सावंत. साखरेची तपासणी, दर तीन महिन्यांनी. दुसऱ्या कोणाला ती नस सापडत नाही.

कुंदाताईंनी दार उघडलं. उपाशीपोटी त्या आणखीच कडक दिसत होत्या.

"ये. दुसरी पाठवतील असं वाटलं होतं."

"दुसरीला चार वेळा टोचावं लागलं असतं, ताई."

"तेही खरंच." त्यांनी हात पुढे केला. रत्नप्रभानं पट्टा बांधला, एका टोचण्यात नस धरली, नळी भरली, सुई काढून कापूस दाबला आणि वर चिकटपट्टी लावली. मंडळाची पेटी कोपऱ्यात होती, वर इस्त्रीचे कपडे.

"उत्तराला जमत नाहीये," कुंदाताई एकाएकी म्हणाल्या. "मी श्वास घेतला की ती पण घेते आणि दोघीही थांबून राहतो. उद्या तू बस. झालं गेलं सोड. पण जुनं वाजवायचं, सरळ. शब्द दे."

रत्नप्रभा नळीवर नाव लिहीत होती. पेन थांबलं.

"आणि आधी मला हे कळू दे," कुंदाताई म्हणाल्या, "की कशापायी तू मला भर देवळात ओरडायला लावलंस. वाजव बघू."

रत्नप्रभानं कपडे बाजूला ठेवले, पेटी पुढे ओढली, भाता सोडला. म ध सा ग. मग सा उचलून नी. मग ग प नी रे. सकाळच्या त्या खोलीत ते चार सूर भिंतींना टेकेनात. कुंदाताईंनी सवयीनं डोळे मिटले आणि त्या गुणगुणायला लागल्या, खालचा सा धरून. आणि लगेच रत्नप्रभाची बोटं वळली, त्यांच्या मागे जायला निघाली.

"गाऊ नका ना, ताई."

हे ती सव्वीस वर्षांत बोलली नव्हती. कुंदाताईंनी डोळे उघडले.

खोलीत फक्त भात्याचा श्वास राहिला. रत्नप्रभाला वाटलं, आता हात थांबणार, नेहमीसारखा. तो थांबलाही. मग मधल्या बोटानं एक सूर लावला, त्याला घाबरून शेजारचा लावला. पहिला तुकडा उसना होता, गौळणीतलाच. दुसरा पडला, सरळ पडला, लाज वाटावी असा. तिसऱ्यात तिनं कोमल नीवर पाय ठेवला, तिथून मागे न येता 'ग'वर उडी घेतली आणि ती उडी तिची तिलाच अनोळखी वाटली. हे कोणी गायलं नव्हतं. चौथ्यात ती पुन्हा घसरली आणि हात उचलून बसली. मानेवर घाम आला होता.

"हे काय होतं?" कुंदाताईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"वाईट होतं."

"हो."

"मधला एक तुकडा..." कुंदाताई थांबल्या. "जाऊ दे. संपलं कुठं ते कळलं नाही."

"संपलं नाही ते, ताई."

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता. कुंदाताईंनी पदर नीट केला. "मग उद्या? नऊला निघायचंय. शब्द दे."

रत्नप्रभानं भाता बंद केला. सावकाश, वडिलांनी शिकवल्यासारखा. हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं की उद्या ती जागा, तो मान, त्या बायकांचं "आलीस गं!" सगळं परत. पण तो अनोळखी तुकडा अजून बोटांत होता, अर्धवट, आणि तो बोटांत असताना सरळ वाजवायचा शब्द तिला देता येईना.

"उत्तरालाच बसवा, ताई. तिला सांगा, तुमच्या तोंडाकडे बघू नको म्हणावं, खांद्याकडे बघ. श्वास खांद्यात आधी येतो."

"सव्वीस वर्षं गो," कुंदाताई हळू म्हणाल्या, आणि मग तोंड फिरवून खिडकी बंद करायला गेल्या. चहा विचारला नाही. दारापर्यंतही आल्या नाहीत.

रत्नप्रभा तीन मजले उतरली. नळ्या डिकीत ठेवल्या, डिकीचं कुलूप दोनदा चुकलं. अजून दोन घरं उपाशी बसली होती. हेल्मेट घालणार एवढ्यात वरून आवाज आला.

"रत्ना! कापूस कधी काढू?"

तिनं वर बघितलं. कुंदाताई गॅलरीत उभ्या होत्या, कोपर दुमडून, दुसऱ्या हातानं घट्ट धरून.

"दहा मिनिटांनी!" ती ओरडली. "आणि चहा घ्या आधी!"

"घेते," कुंदाताई म्हणाल्या, पण आत गेल्या नाहीत. रत्नप्रभानं स्कूटर सुरू केली.